झोन आला, पण कोणाचा?

तांबं, जस्त, कोबाल्ट, निकेल यांची शिफ बेसबरोबर संकुलं करायची आणि जिवाणूंवर तपासायची, हा आपल्याकडच्या रसायनशास्त्र विभागांचा जुना उद्योग. सॅलिसिलाल्डिहाइड सहज मिळतं, रंग सुरेख येतात, पेपरही होतो. त्यात वर्षं घालवून पटलेल्या काही गोष्टी:

१. संकुल, नुसता लिगँड (म्हणजे शिफ बेस), नुसता धातूचा क्षार आणि नुसता द्रावक डीएमएसओ एकत्र तपासलेले नसतील, तर मी निकाल बघतच नाही. कॉपर क्लोराइडचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, संकुलाच्या तोडीस तोड निघाला की विद्यार्थ्याचा चेहरा पडतो. पडू द्यावा.

२. रुंद झोन म्हणजे जालीम औषध नव्हे. पाण्यात न विरघळणारं संकुल अगारमध्ये पसरतच नाही. मग ते प्रभावी असलं तरी झोन चिमुकला. त्यापेक्षा एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) काढावी, आणि तीही मोलमध्ये. एका धातूभोवती दोन लिगँड असतील, तर तुलना दुप्पट मोल लिगँडशीच हवी. मायक्रोग्रॅमच्या तक्त्यात हा हिशेब दिसत नाही.

३. बाटलीतलं संकुल जिवाणूपर्यंत तसंच पोचतं, हे गृहीत धरू नये. डीएमएसओ स्वतःच धातूला धरतो. म्युलर-हिंटन माध्यमात मांसाचा अर्क आणि केसीनचे तुकडे असतात. तांब्याला ते आयते लिगँड. निदान डीएमएसओतल्या द्रावणाचा वर्णपट ताजा असताना आणि चोवीस तासांनी घ्यावा. सिल्व्हर सल्फाडायझिन भाजलेल्या जखमांवर चालतं, ते त्यातून चांदी हळूहळू सुटते म्हणूनच. तुटणं हा नेहमी दोष नसतो. ते लपवणं असतो.

४. ‘चिलेशनमुळे धातूचा भार वाटला जातो, मेदप्रियता वाढते, पटल ओलांडलं जातं’: ट्वीडीचं हे १९६४चं स्पष्टीकरण प्रबंधांत आरतीसारखं म्हटलं जातं. म्हणायला हरकत नाही, पण मग ऑक्टॅनॉल-पाणी विभाजन मोजून दाखवा. ई. कोलायचं बाह्य पटल तर चांगल्या चांगल्या मेदप्रिय रेणूंनाही दारातच अडवतं.

५. माणसाच्या पेशी आणि तांबड्या पेशी यांवर चाचणी झाल्याशिवाय ‘औषध’ शब्द वापरू नये. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या को-ॲड उपक्रमाने २०२०मध्ये धातूच्या ९०६ संयुगांचा आढावा प्रसिद्ध केला. सूक्ष्मजीवांवर परिणाम करणारी, तरी पेशींना अपाय न करणारी ८८ निघाली. नुसत्या सेंद्रिय संयुगांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. म्हणून तर माझा अजून या कामावर जीव आहे.