शब्दाभ्यास : ‘धर्म’

वाचकहो, पुढील प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांच्या ओळखीचा असेल. बाजाराच्या वाटेवर गांवचा एखादा वृद्ध शेजारी भेटतो, आणि बोलतां बोलतां म्हणतो, “तुमच्या आजोबांनीं धर्म सोडला.” ऐकणारा लागलींच उत्तर देतो, “सोडला नाहीं, बाबा, धर्म धरला.” दोघेही प्रामाणिक असतात, तरी वाद मिटत नाहीं. कारण, एकाच्या मनांत कुळाचार व भाऊबंदांविषयींचीं कर्तव्यें असतात, आणि दुसऱ्याच्या मनांत देवावरील श्रद्धा असते. शब्द एक, पण अर्थ दोन. म्हणून ह्या शब्दाचा थोडा अभ्यास करूं.

‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ ह्या संस्कृत धातूपासून झाला आहे. ‘धृ’ म्हणजे धरणें, आधार देणें. ऋग्वेदांत त्याचें जुनें रूप ‘धर्मन्’ असें आहे, व तेथें त्याचा अर्थ आधार, नियम किंवा ठरलेली रीत असा होतो. आकाश व पृथ्वी हीं वरुणाच्या नियमानें आपापल्या ठिकाणीं राहिलीं आहेत, अशी कल्पना तेथें आढळते. एक संस्थापक, एक ग्रंथ व एक समाज, असा जो अर्थ आज आपण घेतों, तो तेथें मुळींच नाहीं.

पुढें निरनिराळ्या पंथांनीं हा शब्द आपापल्या कामास लाविला. जैमिनीच्या मीमांसेंत धर्म म्हणजे वेदाच्या आज्ञेवरूनच कळणारें हितकर कर्म, विशेषतः यज्ञयाग. मनुस्मृतीसारख्या ग्रंथांत धर्म म्हणजे वर्ण व आश्रम ह्यांचीं कर्तव्यें; म्हणून राजाचा धर्म निराळा, ब्राह्मणाचा निराळा, शूद्राचा निराळा. न्याय व वैशेषिक मतांत सत्कर्मानें आत्म्याच्या ठायीं उत्पन्न होणारा, व पुढें सुख देणारा, असा जो गुण तो धर्म. शिवाय तर्कशास्त्रांत कोणत्याही वस्तूच्या ठिकाणीं जें असतें त्यास तिचा धर्म म्हणतात. ‘डोंगरावर अग्नि आहे’ ह्या वाक्यांत डोंगर हा धर्मी व अग्नि हा त्याचा धर्म. येथें पापपुण्याचा संबंध नाहीं. धर्मशास्त्राचा पांच खंडांचा इतिहास (१९३०–१९६२) लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनींही आरंभींच कबूल केलें आहे कीं, ह्या शब्दाला दुसऱ्या भाषेंत नेमका प्रतिशब्द मिळत नाहीं.

बौद्ध ग्रंथांत ह्याचें पालि रूप ‘धम्म’ असें आहे. बुद्ध, धम्म व संघ हीं तीन रत्नें. त्यांत धम्म म्हणजे बुद्धाचा उपदेश. परंतु अभिधर्म नांवाच्या शास्त्रांत ‘धर्म’ ह्या शब्दाचें अनेकवचन येतें, व तेथें त्याचा अर्थ ज्यांचें आणखी पृथक्करण होत नाहीं अशीं मूलतत्त्वें असा आहे. सर्वास्तिवादी पंथानें अशीं ७५ तत्त्वें मोजलीं आहेत.

जैन शास्त्रांतील एक अर्थ तर ऐकणाऱ्यास चकित करील. क्षमा, मार्दव इत्यादि सद्गुणांस जैन लोकही धर्म म्हणतातच. पण सहा द्रव्यांच्या विचारांत धर्म म्हणजे गतीस साहाय्य करणारें द्रव्य, व अधर्म म्हणजे स्थिर राहण्यास साहाय्य करणारें द्रव्य. दृष्टांत असा देतात कीं, पाणी माशाला ढकलीत नाहीं, परंतु पाण्यावांचून मासा पोहत नाहीं, तसा धर्म. झाडाची सावली वाटसरूला ओढीत नाहीं, परंतु सावलीमुळें तो थांबतो, तसा अधर्म. ‘अधर्म’ म्हणजे पाप असें समजून कोणी हें प्रकरण वाचील तर त्याचा सगळाच घोटाळा होईल.

आतां सम्राट् अशोकाकडे वळूं. पालघर जिल्ह्यांतील सोपारा येथें १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी ह्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वींचे राजे शिकारीसाठीं व मौजेसाठीं प्रवास करीत. आपण मात्र धर्मयात्रा करतों, वृद्धांना दान देतों व खेड्यापाड्यांतील लोकांस भेटतों, असा त्या लेखाचा आशय आहे. १९५८ सालीं अफगाणिस्तानांत कंदाहार येथें अशोकाचा दुसरा एक लेख सांपडला. तो ग्रीक व अरामी भाषांत आहे. त्यांत ‘धम्म’ ह्या अर्थीं ग्रीक भाषेंत भक्तिभाव ह्या अर्थाचा शब्द घातला आहे, आणि अरामी भाषेंत सत्य ह्या अर्थाचा. म्हणजे भाषांतरकारांपुढील आपली अडचण बावीसशें वर्षांची जुनी आहे!

पण ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. ज्या शब्दाचा मूळ अर्थ आधार, त्याच्याच नांवानें आपल्या देशांत कित्येकांना पाणवठ्यापासून दूर ठेवण्यांत आलें. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर ह्यांना महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. १९५६ सालीं नागपुरास त्यांनीं बौद्ध दीक्षा घेतली, आणि १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं असा भेद दाखविला कीं, सामान्यतः ज्यास धर्म म्हणतात तो ज्याचा त्याचा खाजगी मानला जातो, पण धम्म हा माणसामाणसांतील वर्तनाचा आहे. दोन मनुष्यें एकत्र आलीं कीं त्यांना धम्म पाहिजेच.

आपल्या घरगुती मराठींतही हे सर्व थर शिल्लक आहेत. खालीं वाहणें हा पाण्याचा धर्म, येथें धर्म म्हणजे स्वभाव. दारीं आलेला भिकारी ‘धर्म करा’ म्हणतो, तेथें धर्म म्हणजे दान. शेजारधर्म म्हणजे कर्तव्य. आणि शिरगणतीच्या कागदावर धर्म म्हणजे समाजाचें नांव. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेंत ‘धर्मनिरपेक्ष’ असा शब्द आहे, पण हिंदींत ‘पंथनिरपेक्ष’ असा आहे. इतकी ह्या शब्दाविषयीं सावधगिरी बाळगावी लागते.

मग वाचकानें काय करावें? एक सोपी कसोटी आहे : त्या ठिकाणीं ‘धर्म’ ह्याच्या उलट काय, तें पाहावें. मीमांसकास विचारा, तो म्हणेल निषिद्ध कर्म. जैन शास्त्र सांगेल स्थिरतेचें द्रव्य. शिरगणतीचा कारकून म्हणेल दुसरा धर्म. भिकारी म्हणेल रिकामा हात. उलट अर्थ कळला कीं सुलट अर्थ आपोआप कळतो.

आणि तो वृद्ध शेजारी पुन्हा भेटला तर उत्तर देण्याची घाई करूं नये. “बाबा, आमच्या आजोबांनीं काय सोडलें असें आपणांस वाटतें?” असें त्यांस नम्रपणें विचारावें. कदाचित् ते म्हणतील, “लग्नकार्याला यायचे, ते यायचे बंद झाले.” तसें असेल तर त्याचें उत्तर वादांत नाहीं, पुढच्या लग्नाला जाण्यांत आहे.

विचारासाठीं प्रश्न : (१) आपल्या बोलण्यांत ‘धर्म’ हा शब्द किती अर्थांनीं येतो? प्रत्येकाचें एक उदाहरण द्या. (२) जैन शास्त्रांतील ‘अधर्म’ व नेहमींच्या बोलण्यांतील ‘अधर्म’ ह्यांत भेद कोणता? (३) आपल्या गांवांत कोणता वाद केवळ शब्दाच्या दोन अर्थांमुळें चालू आहे?