दुष्काळ आणि चोच

प्रशांत महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर नावाचे चिमुकले बेट आहे. तेथील चिमणीएवढ्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास पीटर व रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दाम्पत्याने १९७३ पासून आरंभिला.

१९७७ साली बेटावर पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक, मऊ बिया संपत आल्या. उरली ती सराट्याच्या जातीची टणक, काटेरी फळे. भुकेल्या पक्ष्यांनी त्यांकडे मोर्चा वळविला. परंतु ती फोडण्याचे बळ जाड चोचीतच होते. बहुसंख्य पक्षी मेले. जे वाचले त्यांत जाड चोचीचे अधिक होते व त्यांच्या पिल्लांनाही तशीच चोच लाभली.

पुढे १९८३ साली अतिवृष्टी झाली. बारीक बियांची रेलचेल झाली आणि नंतरच्या टंचाईत लहान चोचीच्या पक्ष्यांनी अधिक तग धरला.

आहार बदलणे पक्ष्याला एका आयुष्यात साधते. चोच मात्र पिढ्यांमधून बदलते. तो बदल शक्य होतो, कारण सर्वांच्या चोची मुळातच सारख्या नसतात. ही विविधताच जातीला संकटातून तारून नेते.

पाठगत प्रश्न
१. १९७७ साली आहार बदलूनही अनेक पक्षी का वाचले नाहीत?
२. सर्व पक्ष्यांची चोच सारखीच असती तर काय झाले असते?