मांजर, उंदीर आणि आपले धान्य

दिवाळी झाली. मावळातल्या खाचरांतले भात कापून झाले. मळणी झाली. इंद्रायणी, आंबेमोहोर घरात आले. कणगी भरली. घरधनीण म्हणते, "आता वर्षाची बेगमी झाली." तिचे म्हणणे खरे आहे. पण घरात आणखी कोणीतरी हेच म्हणत असते. तो म्हणजे उंदीर. त्याचीही बेगमी झालेली असते!

या धड्यात आपण उंदराचा विचार करू. मांजराचाही करू. मांजर पाळले की उंदीर गेले, असे पुष्कळ लोक समजतात. हे कितपत खरे आहे, ते पाहू.

आधी हिशेब करू

मोठा उंदीर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम धान्य खातो. एवढे म्हणजे काय? मूठभरसुद्धा नाही. पण घरात असे १० उंदीर असले तर? दिवसाला २५० ग्रॅम, म्हणजे पाव किलो. चार दिवसांत एक किलो. वर्षाचे ३६५ दिवस. त्याला ४ ने भागा. म्हणजे वर्षाला सुमारे ९१ किलो धान्य झाले. एक मोठे पोते भरेल एवढे! हे पोते आपण पेरले, लावले, कापले, झोडपले. खाल्ले मात्र उंदराने.

आणि खाल्ले तेवढेच गेले असे नाही. उंदीर धान्यात लेंड्या टाकतो, मुततो. पोती कुरतडतो. कपडे, वह्या, विजेच्या तारा कुरतडतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते.

घरातला लहान उंदीर फार वेगाने वाढतो. मादी तीन आठवड्यांत विते. एका वेळी पाचसहा पिल्ले होतात. ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. म्हणून "दोनच तर उंदीर आहेत, असू देत" असे कधी म्हणू नये. दोनाचे वीस व्हायला वेळ लागत नाही.

उंदीर घरात येतो कुठून?

मावळात पाऊस फार. लोणावळ्याला तर विचारूच नका. आषाढात खाचरे तुडुंब भरतात. बांधातल्या बिळांत पाणी शिरते. मग उंदीर उंच जागा शोधतो. उंच आणि कोरडी जागा कोणती? आपले घर! पावसाळ्यासाठी आपण सरपण रचून ठेवतो. माळ्यावर पेंढा टाकतो. उंदराला घरटे करायला याहून चांगली जागा कुठली? पुढे भात निघाले, रान मोकळे झाले, की तो पुन्हा धान्यामागे घराकडे वळतो.

लोणावळ्याच्या बाजारात गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे चिक्कीसाठी शेंगदाणे आणि गूळ साठवलेला असतो. पावसाळ्यात भुशी धरणाकडे माणसांची जत्रा लोटते. भजी, मक्याची कणसे खाल्ली जातात. उरलेले तिथेच पडते. माणसाने टाकलेले ते उंदराचे जेवण होते. कचरा आहे तिथे उंदीर आहे.

उंदराच्या मागे आणखी एक पाहुणा येतो. "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण आपल्याला माहीत आहे. नाग, धामण, घोणस हे साप उंदीर खातात. घरात उंदीर झाले की त्यांच्या वासावर साप येतो. रात्री मुले जमिनीवर झोपलेली असतात. म्हणून उंदीर हटवणे म्हणजे नुसते धान्य राखणे नव्हे. ते घरातली माणसे राखणेही आहे.

प्लेगची आठवण

उंदरांमुळे आपल्या पुणे जिल्ह्याने फार मोठे दुःख भोगले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. लवकरच तो पुण्यात पोचला. ताप यायचा, काखेत किंवा जांघेत गाठ यायची. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. माणसे पटापट मरत. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. पुढच्या काही दशकांत प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

रोग कसा पसरतो, हे तेव्हा माहीत नव्हते. लोकांनी एक गोष्ट मात्र पाहिली होती. आधी घरात उंदीर मरून पडत, मग माणसे आजारी पडत. म्हणून घरात उंदीर पडला की लोक गाव सोडत आणि रानात झोपड्या बांधून राहत. १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत याचे कारण शोधले. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला चावतात. त्या चाव्यातून रोग माणसात येतो.

मग मांजराची आठवण झाली. अमरावतीला ब्युकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. वऱ्हाडातल्या कोणत्या गावात किती मांजरे आहेत, याची त्यांनी पाहणी केली. १९०८ साली त्यांनी लिहिले, की ज्या गावांत घरोघरी मांजरे आहेत, तिथे प्लेग कमी दिसतो. मांजरे पाळा, असा सल्ला त्यांनी दिला.

हा सल्ला विचार करण्यासारखा होता, पण पुरा नव्हता. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे पुढे कळले. रोगी मांजराकडून तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून प्लेगचा संशय असेल तिथे मांजराच्या भरवशावर राहता येत नाही. तिथे पिसवा मारणारी औषधे आणि डॉक्टरच पाहिजेत. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरत शहरात पुन्हा प्लेगची साथ आली होती. आता प्लेगवर चांगली औषधे आहेत. पण गावात एकाएकी पुष्कळ उंदीर मरून पडू लागले, तर लगेच आरोग्य केंद्रात कळवावे.

मांजर शिकार कशी करते?

मांजर शिकारीसाठीच घडले आहे. उंदीर फार बारीक आवाजात चीं चीं करतो. तो आवाज कधी कधी आपल्याला ऐकूच येत नाही. मांजराला तो ऐकू येतो. थोड्याशा उजेडातही त्याला दिसते. मिशांनी त्याला जवळची वस्तू समजते. ते बिळापाशी तासभरसुद्धा न हलता बसते. आपल्यापैकी किती जणांना असा धीर आहे? उंदीर बाहेर आला की एकच झडप. मग मानेला चावा.

मांजराचा वास आला तरी उंदीर दबकून राहतो. म्हणजे मांजर झोपलेले असतानाही थोडी राखण होतच असते.

आता एका चुकीच्या समजुतीकडे वळू. काही लोक म्हणतात, "मांजर उपाशी ठेवलं की जास्त उंदीर मारतं." हे खरे नाही. मांजराची भूक वेगळी आणि शिकारीची ओढ वेगळी. पोट भरलेले मांजरही उंदीर दिसला की झडप घालते. उलट उपाशी मांजर घर सोडून भटकते. शेजारच्या शिंक्यावर उडी मारते, कोंबडीची पिल्ले पळवते. मग भांडणे होतात. मांजराला रोज थोडे खायला द्यावे म्हणजे ते घर धरून राहते.

मांजरी पिलांना शिकार शिकवते. अर्धमेला उंदीर आणून त्यांच्यापुढे सोडते. म्हणून पिलू आईपासून फार लवकर तोडू नये. निदान दोन महिने आईजवळ राहू द्यावे.

मांजराला काय जमत नाही?

मांजर घरातले लहान उंदीर मारते. मोठ्या उंदरांची पिल्लेही मारते. पण पुरा वाढलेला मोठा उंदीर चांगलाच चावरा असतो. पुष्कळ मांजरे त्याच्या वाटेला जात नाहीत. घूस तर त्याहून दांडगी. घुशीपुढे मांजर सहसा माघारच घेते. तेव्हा परसात घुशीची बिळे असली, तर मांजरावर विसंबू नये.

चिचुंद्रीचे वेगळेच आहे. लांब नाकाची, घाण वास येणारी चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती उंदीर नव्हे. ती झुरळे, किडे खाते. मांजर तिला कधी मारते, पण वासामुळे खात नाही. मांजराने मारून टाकलेला प्राणी चिचुंद्री असेल, तर "मांजर आळशी झालं, खात नाही" असे म्हणू नका.

मांजर पाखरेही मारते, हेही लक्षात ठेवावे. आणि रानात आपले आणखी दोन राखणदार आहेत. एक घुबड आणि दुसरी धामण. घुबडाला अशुभ समजून दगड मारू नये. धामण बिनविषारी आहे, तिला मारू नये. दोघेही शेतातले उंदीर फुकट मारतात.

विषाचे काय?

बाजारात उंदराचे विष मिळते. झिंक फॉस्फाईड ही काळसर पूड असते. ती पोटात गेली की विषारी वायू तयार होतो. त्यावर नेमका उतारा नाही. काही वड्यांनी उंदराच्या शरीरात रक्त वाहू लागते आणि तो काही दिवसांनी मरतो. असा उंदीर आधी सुस्त होतो. सुस्त उंदीर मांजराला सहज सापडतो. उंदराबरोबर मांजरही मरते. घुबडही मरते.

आणि मुलांचे काय? पिठाची गोळी दिसली की लहान मूल ती तोंडात घालते. तेव्हा घरात मांजर आणि मूल असताना विष ठेवू नये, हेच बरे. धान्यात घालायच्या विषारी गोळ्या तर राहत्या घरात कधीच वापरू नयेत. त्यांच्या वायूने माणसे मरतात. कोणाच्या पोटात विष गेले, तर घरगुती उपाय करत बसू नका. विषाचे पाकीट बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

मग करावे काय?

मांजर हा राखणदार आहे. पण दारच उघडे ठेवले, तर राखणदार काय करील? दार आपण लावायचे.

१. फटी बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर शिरतो. बिळात काचेचे तुकडे घालून वर सिमेंट लावा. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका.

२. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. कणगी उंदीर कुरतडतो, पत्रा कुरतडत नाही. पोती ठेवायचीच झाली तर भिंतीपासून हातभर दूर आणि फळीवर ठेवा. म्हणजे मागे मांजराला फिरता येईल आणि आपल्याला झाडता येईल.

३. सरपण आणि पेंढा घराला चिकटून रचू नका. कौलांवर टेकलेल्या फांद्या तोडा. उंदीर त्यांवरून माळ्यावर उतरतो.

४. रात्री खरकटी भांडी ठेवू नका. गोठ्यातले आंबोण उघडे टाकू नका.

५. पिंजरा लावा. तो भिंतीच्या कडेला ठेवा, कारण उंदीर कडेकडेने पळतो. त्यात भाकरी किंवा सुके खोबरे अडकवा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोनतीन दिवस पिंजऱ्याचे दार उघडेच राहू द्या. तो येऊन खाऊ लागला की मग दार लागेल असे करा. आणि सापडलेला उंदीर शेजाऱ्याच्या परसात सोडू नका! तो दुसऱ्या दिवशी परत येतो, आणि शेजारीही येतो.

६. मेलेला उंदीर हाताने उचलू नका. काठीने किंवा हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून उचला. खोल पुरा. मग साबणाने हात धुवा.

लावणीच्या दिवसांतला ताप

उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा रोग होतो. हे मूत खाचरातल्या पाण्यात मिसळते. पायाला जखम असली की जंतू तिथून आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. आपण तर लावणीला दिवसभर चिखलात उभे असतो. म्हणून जखम झाकून मगच खाचरात उतरा. जमल्यास गमबूट घाला. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर "पावसात भिजलो म्हणून आला असेल" असे म्हणून घरी बसू नका. या रोगावर चांगले औषध आहे. पण ते लवकर मिळाले पाहिजे. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे बिघडतात, जीवही जातो.

मांजराची काळजी

मांजराला दूधभात आवडतो. पण नुसत्या दूधभातावर ते पोसत नाही. अधूनमधून सुकट, अंडे असे काही द्यावे. प्यायला पाणी ठेवावे. जनावरांच्या दवाखान्यात नेऊन त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. फार पिल्ले नको असतील तर तिथे ऑपरेशन करता येते. पिल्ले पोत्यात घालून दूर सोडणे हे बरे नव्हे.

मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवावी. चुना, तिखट लावू नये. लगेच आरोग्य केंद्रात जावे. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये. त्यातल्या जंतूंमुळे पोटातल्या मुलाला अपाय होऊ शकतो.

मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, असे आपले वाडवडील सांगत. सोन्याचे मांजर कोणाला परवडणार? म्हणून लोक मांजर मारीत नसत. आणि कणगी राखली जाई. आपणही मांजर सांभाळू. पण फटी आपण बुजवू, धान्य आपण झाकू, अंगण आपण झाडू. निम्मे काम मांजराचे, निम्मे आपले.

प्रश्न

१. घरात २० मोठे उंदीर असले, तर महिन्याला सुमारे किती किलो धान्य जाईल?

२. मांजर उपाशी ठेवू नये, ते का?

३. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर काय होईल?

४. आज रात्री आपल्या घराच्या फटी मोजा. उद्या त्यांतल्या किती बुजवाल, ते वहीत लिहा.