रिकामा दिवस पुरत का नाही?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा आहे. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत २२ वर्षं काढली, शेवटची काही वर्षं डिलिव्हरी मॅनेजर म्हणून. दिवाळीनंतर स्वतःहून राजीनामा दिला. कोणी काढलं नाही, कोणाशी भांडण नाही. घराचं कर्ज फिटलं आहे, पत्नी शाळेत शिकवते, मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठरवलं होतं की भरपूर वाचायचं, सुटलेला तबला पुन्हा धरायचा आणि सवडीनं सल्लागार म्हणून थोडं काम घ्यायचं. नोकरीत असताना रात्री साडेअकराला का होईना, दहा पानं वाचून व्हायची. आता अख्खा दिवस माझा आहे आणि दोन महिन्यांत एक पुस्तक संपलेलं नाही. तबल्याची खोळसुद्धा काढलेली नाही. संध्याकाळी पत्नी विचारते, "आज काय केलंस?" तेव्हा मला खरोखरच आठवत नाही. मी आळशी नाही हो. हे नेमकं काय आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्हाला पडलेलं कोडं ऑस्ट्रियातल्या एका गावात नव्वदएक वर्षांपूर्वी घड्याळ लावून तपासलं गेलं आहे. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची कामगारवस्ती आहे. सगळी वस्ती एकाच कापड गिरणीवर जगायची. १९२९-३० मध्ये, मंदीच्या काळात, गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम घरी बसलं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांबरोबर तिथे गेले. घरोघरी फिरले, लोकांच्या दिवसाच्या नोंदी जमवल्या आणि १९३३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यांनी गावातल्या वाचनालयाचे आकडेही पाहिले. आधी दिवसभर गिरणीत राबणारी माणसं पुस्तकं नेत होती. आता हाती वेळच वेळ होता, वाचनालयानं पैसे घेणंही बंद केलं होतं, तरी पुस्तकं बाहेर जाण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट पुष्कळ घसरलं. पुरुषांना दिवसाचा तक्ता भरायला दिला तर सकाळी उठलो, दुपारी जेवलो, रात्री झोपलो एवढंच त्यांना नीट सांगता येई. मधले तास कुठे गेले याचा पत्ता नसे. बहुतेक पुरुषांनी खिशात घड्याळ बाळगणंही सोडून दिलं होतं. मुख्य रस्त्यानं जाणाऱ्यांचा वेग लोकांच्या नकळत मोजला, तेव्हा पुरुष रेंगाळत, थांबत चालले होते आणि बायका झपझप. या बायकांकडे पुढच्या प्रश्नात पुन्हा वळू.

तुमची आणि त्यांची सांगड फार ताणू नये, हे मला कळतं. ते कंगाल झाले होते, तुमच्याकडे शिल्लक आहे. त्यांना बाहेर काढलं होतं, तुम्ही स्वतः निघालात. तरीही संध्याकाळी काही न आठवणं दोन्हीकडे सारखंच आहे, आणि म्हणूनच त्याचं मूळ निव्वळ पैशाच्या चणचणीत नाही.

याहोडाबाईंनी पुढे उभी हयात याच विषयावर विचार केला. १९८२ च्या त्यांच्या पुस्तकातली मांडणी थोडक्यात अशी : नोकरी पगार देते, तो दिसतो. पण पगाराबरोबर ती दिवसाला बांधणी देते, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध देते, आपल्यापेक्षा मोठ्या कामात वाटा देते, चारचौघांत ओळख देते आणि हातापायांना हलतं ठेवते. या गोष्टी कोणी मागत नाही, त्या पगाराच्या पाठोपाठ आपोआप येतात. पगार बंद झाला की आपण हिशेब फक्त त्याचाच करतो.

योगायोग पाहा. त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. गिरणगावचा दिवस भोंग्यावर चालत असे. कोण कधी उठणार, नळावर कोण आधी जाणार, खाणावळीची पहिली पंगत कधी बसणार, भजनाला कोण येणार, सगळं पाळीवर ठरायचं. भोंगा बंद झाला आणि मजुरीबरोबर ही सगळी घडीही विस्कटली. त्या माणसांचं दुःख तुमच्यापेक्षा शेकडो पटींनी मोठं होतं. पण दिवसाची घडी बाहेरून घालून दिलेली असते आणि ती गेल्याशिवाय जाणवत नाही, हे त्यांच्याकडे पाहून जितकं कळतं तितकं व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकातून कळणार नाही.

तुमचा भोंगा म्हणजे लॅपटॉपवरचं कॅलेंडर. बावीस वर्षं त्यात दुसऱ्यांनी चौकोन भरले. सकाळचा स्टँडअप, दुपारी रिव्ह्यू, रात्री अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल. तुम्ही त्याला शिव्या घातल्या असतील, आणि त्या रास्तच होत्या. पण रात्री साडेअकराची ती दहा पानं व्हायची, कारण तो वेळ दोन बाजूंनी दाबलेला होता. अलीकडे कॉल संपलेला, पलीकडे झोप. आता पुस्तक सकाळी वाचलं काय, दुपारी वाचलं काय, सारखंच. ज्या कामाला आज न करण्याची काहीच किंमत नाही ते उद्यावर जातं. यात आळस कुठे आला?

एक आणखी. पहिले काही आठवडे माणूस खरोखर दमलेला असतो. इतक्या वर्षांची अपुरी झोप अंगावर असते, ती फेडू द्यावी. तुम्हाला दोन महिने झाले. आता विश्रांतीचं कारण पुरे.

सल्ला विचारलात म्हणून सांगतो, आणि 'आपली खरी आवड शोधा' असं काही सांगणार नाही. ते ऐकून माणूस आणखी तीन महिने सोफ्यावर बसून आवड शोधतो. तुम्हाला आवड ठाऊक आहे, तबला आहे. तुमच्याकडे नाही ती वेळ पाळायला लावणारी दुसरी व्यक्ती. घरी एकट्यानं खोळ काढण्याचा नाद सोडा. जवळपासच्या एखाद्या गुरुजींकडे आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी शिकवणी लावा, तीन महिन्यांची फी आगाऊ भरा. समोर कोणीतरी 'मागचा कायदा वाजवून दाखवा' म्हणणार आहे, हे माहीत असलं की आदल्या रात्री हात आपोआप तबल्यावर जातो. पुण्यात तबला शिकवणाऱ्यांचा तुटवडा नाही.

सल्लागारीचंही तसंच. वेबसाइट, लोगो, व्हिजिटिंग कार्ड यांत महिने घालवू नका. जुन्या ओळखीतल्या एखाद्या छोट्या कंपनीचं एक छोटं काम घ्या, हवं तर कमी पैशात, पण तारखेचं बंधन लिहून घेऊन. एवढं एक काम हाती आलं की त्याच्या आजूबाजूचा दिवस स्वतःच आकार घेतो. आणि हो, घरातल्या कुठल्याही कामासाठी 'मी रिकामाच आहे' हे वाक्य वापरणं बंद करा. बँकेपासून गॅसवाल्यापर्यंत सगळं तुमच्या गळ्यात पडेल आणि सकाळ तिथेच संपेल.

लग्नाकार्यात 'सध्या कुठे?' असं विचारणाऱ्यांचं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो प्रश्न टोचत असणार. 'ब्रेक घेतलाय' म्हणालात की पुढे पाच प्रश्न येतात. 'छोट्या कंपन्यांना सल्ला देतो' म्हणा, पहिलं काम मिळाल्यावर ते खोटंही राहणार नाही. डिलिव्हरी मॅनेजर म्हणजे काय, हे तरी मावशीला कधी कळलं होतं?

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. झोप उडालेली असेल, भूक गेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी वाटत नसेल आणि हे आठवड्यांमागून आठवडे तसंच चाललं असेल, तर वेळापत्रकानं ते सुटणार नाही. डॉक्टरांना दाखवा. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांनी खासगी बँकेतली नोकरी ५३ व्या वर्षी सोडली. आता ते दिवसभर घरी असतात. फ्रीजमध्ये भाज्या कशा रचाव्यात, कामवालीनं फरशी कुठून पुसायला सुरुवात करावी, कुकरच्या शिट्ट्या किती, यावर रोज सूचना असतात. परवा डाळीच्या डब्यांना त्यांनी लेबलं लावली. मी गृहिणी आहे, मला सुट्टी नव्हती आणि नाही. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वर म्हटलेल्या मारिएन्थालच्या बायका झपझप का चालत होत्या? त्यांच्यातल्या पुष्कळ जणीही गिरणीतच कामाला होत्या, त्यांचीही मजुरी गेली होती. पण चूल, पोरं, धुणी, शिवणटिपण काही थांबलं नव्हतं. उलट कमी पैशात तेच घर चालवायचं म्हणून काम वाढलं होतं. त्यांचे दिवस भरलेले होते, पुरुषांचे ओसाड. एकाच घरात. तुमच्याकडे तेच चाललं आहे, फक्त ओसाड दिवसाला लेबलं लावायची हुक्की आली आहे.

तुमचे मिस्टर बँकेत बहुधा शाखा चालवत असावेत. त्यांच्याजवळ देखरेख करण्याची सवय उरली आहे आणि देखरेख करण्याजोगं फक्त तुमचं स्वयंपाकघर. म्हणून त्यांना 'मदत करा' असं मुळीच सांगू नका. मदतनीस चुका काढतो आणि जबाबदारी घेत नाही. एक अख्खं खातं सोपवा. महिन्याचा किराणा घ्या किंवा रोजचं रात्रीचं जेवण घ्या. काय करायचं हे ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत सगळं त्यांचं. तुम्हीही मग त्यात बोलायचं नाही, मीठ जास्त पडलं तरी. हे तुम्हाला जड जाईल, असा माझा अंदाज आहे.

दुसरं, सकाळचे तीन तास त्यांनी घराबाहेर काढावेत, असं स्पष्ट सांगा. रागानं नाही, ठरवून. ठाण्यात त्यासाठी कारण शोधावं लागत नाही, १८९३ मध्ये स्थापन झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. बँकेतल्या माणसाला हिशेब कळतो. सोसायट्या, सार्वजनिक संस्था, छोट्या शाळा यांना खजिनदार मिळता मिळत नाही. तिथे लेबलं लावायला फायलींची कपाटंच्या कपाटं असतात.

डाळींची लेबलं राहू द्या, ती कामाची आहेत.

प्रश्न : वय ३९. पुढच्या दोन-तीन महिन्यांत नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचा विचार आहे. पीएफ काढून भांडवल करावं का? आणखी काय बघावं? आईवडील माझ्याकडेच असतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पीएफ काढू नका. नोकरी सुटली की त्यावरचं व्याज बंद होतं हा समज अजून फिरतो आहे. तुमच्या वयाच्या माणसाचं खातं नवी वर्गणी न भरताही ५८ वर्षांपर्यंत व्याज मिळवत राहतं. मात्र नोकरी सोडल्यानंतरच्या काळातलं व्याज करपात्र धरलं जातं. सलग पाच वर्षं पुरी होण्याआधी रक्कम काढली तर तिच्यावरही कर लागतो. आजवरची पेन्शन योजनेतली सेवा दहा वर्षांची भरत असेल तर त्या खात्यातले पैसे काढता येत नाहीत. योजनेचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि पेन्शनचा हक्क राखायचा. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं भरली का, ते तपासा. नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः भरू शकता. ग्रॅच्युइटी नियमित नोकरीत पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते, वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबानं. पाच वर्षांना थोडेच महिने कमी असतील तर मुहूर्त पुढे ढकला.

क्रेडिट कार्ड किंवा कर्जाची मर्यादा हवी असेल तर पगाराची स्लिप हातात आहे तोवरच अर्ज करा. स्वतःच्या धंद्यावर कर्ज मागायला गेलात की बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, आणि पहिल्या वर्षी ती तुमच्याकडे नसणार.

पण तुमच्या पत्रातलं खरं महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे. कंपनीच्या समूह विम्यात आईवडिलांचा मधुमेह, रक्तदाब बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. स्वतंत्र पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि उतारवयात विमा कंपनी पॉलिसी नाकारूही शकते. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, त्याची चौकशी आत्ताच कंपनीच्या एचआरकडे करा. नाहीतर नोकरीत असतानाच वेगळी पॉलिसी घ्या, म्हणजे थांबण्याचा काळ आजपासून मोजला जाईल. समूह विमा बहुतेक कंपन्यांत कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतो. तेव्हा आईवडिलांची पॉलिसी हातात आल्याशिवाय राजीनाम्याचा मेल पाठवू नका.