मागच्या सीटवरून गाडी निवडू या

(मोठ्या वर्गासाठी पाठ. हिशेब पालकांबरोबर बसून करावा.)

मुलांनो, रविवारी आपल्या वर्गाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या एकदा नीट पाहा. मोटारीपेक्षा उंच, ट्रकपेक्षा ठेंगण्या आणि मागचे दार वर उघडणाऱ्या अशा कितीतरी दिसतील. ह्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. नावाप्रमाणेच हा दोन जातींचा संकर आहे. १९९० साली आलेली फोर्ड एक्सप्लोरर ट्रकच्या चासीवर, म्हणजे खाली वेगळा लोखंडी सांगाडा आणि त्यावर ठेवलेले शरीर, अशी बांधलेली होती. टोयोटाने १९९४ साली जपानात रॅव्ह-४ आणली ती मात्र साध्या मोटारीसारखी, सांगाडा आणि शरीर एकसंध असलेली. होंडाची सीआर-व्ही १९९५ साली आली आणि सुबारूची फॉरेस्टर १९९७ साली. पहिल्या सीआर-व्हीच्या डिकीतली फळी बाहेर काढून तिचे पाय उघडले की सहलीचे टेबल तयार होत असे! आता तसे मिळत नाही, ह्याचे आम्हाला वाईट वाटते.

घरात गाडी घ्यायचे ठरले की आम्ही मोठी माणसे आधी मायलेजवर वाद घालतो. म्हणून तो हिशेब आधी उरकू या. वर्षाला १२,००० मैल धरा. गॅलनला ३० मैल जाणाऱ्या गाडीला ४०० गॅलन पेट्रोल लागेल आणि ४० मैल जाणाऱ्या हायब्रिडला ३००. वाचले १०० गॅलन. गॅलनचा भाव साडेतीन डॉलर धरला तर वर्षाचे ३५० डॉलर. हायब्रिड समजा १,७५० डॉलरने महाग असेल, तर फरक भरून निघायला पाच वर्षे लागतील. आता एक गंमत. जुनी २० मैलांची गाडी काढून ३० ची घेतली तर किती वाचतील? ६०० उणे ४००, म्हणजे २०० गॅलन! दोन्हीकडे फरक दहाचाच, पण बचत दुप्पट. म्हणूनच नव्या गाडीच्या काचेवरच्या सरकारी कागदावर २०१३ च्या मॉडेलपासून '१०० मैलांना किती गॅलन' हाही आकडा छापतात. गाड्यांची तुलना करताना तोच पाहावा.

पण हा प्रश्न पैशांचा झाला. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: मागे कोण बसणार? पुढे बसतात आई-बाबा. मागे बसता तुम्ही, आणि भारतातून आले की आजी-आजोबा. गाडी चालवून पाहायला मात्र आम्ही पुढच्याच सीटवर बसतो आणि मागचे दार उघडतसुद्धा नाही.

आजीच्या गुडघ्यांपासून सुरुवात करू. खालच्या सेडानमध्ये आजीला आत घसरावे लागते, मोठ्या एसयूव्हीत चढावे लागते. क्रॉसओव्हरची सीट साधारण कमरेच्या उंचीला येते, त्यामुळे पाठमोरे टेकायचे आणि मग पाय आत घ्यायचे, असे जमते. पण मागचे दार किती उघडते आणि खालचा उंबरठा किती रुंद आहे, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. हे आकडे माहितीपत्रकात सापडत नाहीत. स्वतः बसून पाहावे लागते.

आता वजन. ड्रायव्हरचे दार उघडा. खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल. माणसे आणि सामान मिळून किती वजनाच्या पुढे जाऊ नये, ते त्यावर लिहिलेले असते. समजा तो आकडा ९०० पौंड आहे. नुअर्क विमानतळावर आजी-आजोबांना आणायला सगळे निघाले. बाबा १८०, आई १४०, ताई ११०, आजोबा १५०, आजी १३०. झाले ७१०. विमानात दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी ५० पौंडांच्या. (भाजणी, लोणचे आणि गोडा मसाला धरून बरोबर ५०. तिकडच्या काट्यावर तीनदा वजन झालेले असते!) म्हणजे आणखी २००. एकूण ९१०. धाकट्याला घरी ठेवूनसुद्धा गाडी मर्यादेबाहेर गेली. गाडी मोडून पडणार नाही, पण टायर जास्त तापतात आणि थांबायला अंतर जास्त लागते. शिवाय सीटच्या पाठीपेक्षा उंच रचलेली बॅग जोरात ब्रेक लागला की पुढे येते, आणि पुढे तुमचीच डोकी असतात. काचेचे छप्पर वगैरे जोडलेल्या महाग प्रकारात हा आकडा पुष्कळदा आणखी कमी असतो, तेव्हा जी गाडी घ्यायची तिचाच स्टिकर वाचावा. आणि विक्रेत्याकडे जाताना घरच्या दोन मोठ्या रिकाम्या बॅगा न लाजता बरोबर न्याव्यात.

सर्वांत महत्त्वाचे आता. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आय.आय.एच.एस. ही संस्था गाड्या मुद्दाम आदळून पाहते. बरीच वर्षे ह्या समोरच्या धडकेच्या परीक्षेत मागे कोणी बसवत नसत. २०२२ साली त्यांनी ड्रायव्हरच्या मागे एक पुतळा बसवला. आकाराने लहानखुऱ्या बाईएवढा किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढा, म्हणजे तुमच्याएवढाच. वेग ताशी ४० मैल. पंधरा लहान एसयूव्हींपैकी 'चांगली' हा शेरा दोघींनाच मिळाला: फोर्ड एस्केप आणि व्होल्व्हो एक्ससी-४०. रॅव्ह-४ मधल्या पायरीवर राहिली, फॉरेस्टर त्याच्या खाली, आणि सीआर-व्ही व माझदा सीएक्स-५ नापास झाल्या. ह्या नापास गाड्यांतही पुढे बसणाऱ्यांची काळजी उत्तम घेतलेली होती!

असे का? पुढच्या पट्ट्यांना धडक होताच आवळणारे आणि मग छातीवर फार दाब येऊ नये म्हणून किंचित सैल सोडणारे यंत्र असते. शिवाय समोर एअरबॅग. बऱ्याच गाड्यांत मागे ह्यांतले काहीच नव्हते. पट्टा कमरेच्या हाडावरून सरकून पोटावर गेला की आतल्या अवयवांना इजा होते. त्यानंतर कंपन्यांनी सुधारणा सुरू केल्या, म्हणून गाडीच्या नावाबरोबर तिचे मॉडेल-वर्षही तपासावे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर अवश्य. आणि हे वाचून कोणी पुढे बसायचा हट्ट धरू नये. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी मागचीच जागा अधिक सुरक्षित आहे.

बर्फासाठी चारही चाकांना शक्ती देणारी गाडी हवी का, हे सगळेच विचारतात. फॉरेस्टरला ती सोय मुळातच असते, रॅव्ह-४ आणि सीआर-व्हीला जादा पैसे देऊन मिळते. तिने गाडी बर्फातून निघते लवकर, पण थांबत नाही लवकर. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबवतात टायर. त्यांवर पैसे घालावेत.

नवे शब्द: संकर – दोन जातींची मिसळण. आवळणे – घट्ट करणे. लहानखुरा – अंगाने लहान. पाठमोरा – पाठ वळवलेला.

गृहपाठ: आपल्या गाडीचा स्टिकर वाचा आणि आकडा वहीत लिहा. घरातल्या सर्वांची वजने मिळवून किती बॅगा मावतील, ते काढा. आईचे वजन तिला विचारूनच लिहावे. मागच्या सीटवर बसून दहा ओळी मराठीत लिहा: पाय कुठे टेकतात, पट्टा खांद्यावर बसतो की मानेला घासतो, बाहेरचे काय दिसते. वह्या पुढच्या रविवारी आणाव्यात.