कादंबरीचे नाटक करताना : काय ठेवावे, काय गाळावे?



गेल्या स्नेहसंमेलनात आपल्या मुलांनी रशियन लेखक दोस्तोयेव्हस्की यांच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीवर अर्ध्या तासाची एकांकिका सादर केली. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे ही कादंबरी आम्ही ‘अपराध और दंड’ म्हणून वाचली होती. संहिता आम्हीच तपासून दिली. कुऱ्हाडीचा प्रसंग रंगला, टाळ्या पडल्या. पडदा पडल्यावर सहावीतील एका मुलीने विचारले, “सर, गुन्हा दिसला. पण शिक्षा कुठे झाली?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. चूक मुलांची नव्हती, आमची होती. म्हणून हा पाठ.

कादंबरीचा तोल कुठे आहे?

ही कादंबरी १८६६ साली मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पीटर्सबर्ग शहरातील रास्कोलनिकोव्ह हा गरिबीमुळे शिक्षण सुटलेला तरुण. असामान्य माणसाला कायदा मोडण्याचा अधिकार असतो, असा त्याचा सिद्धांत. त्या जोरावर तो वस्तू गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या एका म्हातारीचा खून करतो. कादंबरीचे सहा भाग आणि एक उपसंहार आहे. खून पहिल्याच भागात उरकतो. उरलेले पाच भाग त्याच्या मनाची तडफड आहे. सैबेरियातील सक्तमजुरी तर उपसंहारात येते. म्हणजे खरी शिक्षा न्यायालयाच्या आधीच सुरू झालेली असते. आम्ही मात्र अर्ध्या तासातील वीस मिनिटे पहिल्या भागाला दिली!

तीन नटांचे नाटक

मॅरिलिन कॅम्पबेल आणि कर्ट कोलंबस या दोघांनी याच कादंबरीचे सुमारे दीड तासाचे नाटक लिहिले. ते २००३ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळ रंगमंचावर आले. त्यात नट फक्त तीन. एक रास्कोलनिकोव्ह, दुसरा तपास अधिकारी पोर्फिरी, तिसरी सोन्या, म्हणजे घर चालवण्यासाठी देह विकावा लागलेली श्रद्धाळू मुलगी. बाकीच्या भूमिका याच मंडळींनी वठवायच्या. नाटक खुनापासून नव्हे, चौकशीपासून सुरू होते. मेलेला लाजरस पुन्हा उठला, या बायबलमधील कथेवर तुझा विश्वास आहे का, असे पोर्फिरी विचारतो. खून पुढे आठवणींतून उलगडत जातो. हा माणूस आतून पुन्हा जिवंत होईल का, एवढा एकच प्रश्न त्यांनी धरला आणि त्याला लागेल तेवढेच घेतले.

दुसरी वाट

१९१० मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने याच लेखकाची ‘करामाझोव्ह बंधू’ दोन संध्याकाळी मिळून सादर केली. तिथे रंगमंचावर एक वाचक बसवला होता. गाळलेला भाग तो सांगे आणि प्रसंग जोडून देई. आपला सूत्रधार आठवला ना? दोन्ही वाटा योग्यच; पण कोणती घ्यायची हे आधी ठरवावे लागते.

गाळण्यापूर्वी विचारा

आमची दुसरी चूक अधिक गंभीर. वेळ वाचावा म्हणून आम्ही लिझावेता हे पात्रच गाळले. ती त्या म्हातारीची गरीब, भोळी बहीण. खुनाच्या वेळी अचानक घरी येते आणि तीही मारली जाते. म्हातारीला मारण्याचे समर्थन रास्कोलनिकोव्हजवळ होते. लिझावेतासाठी एक शब्दही नाही. पुढे सोन्या त्याला लाजरसची कथा वाचून दाखवते, ते पुस्तकही तिला लिझावेतानेच दिलेले असते. दोन मिनिटांचे पात्र. पण ते काढले आणि मागची-पुढची गाठच सुटली. खुनी नायक होऊन बसला, आणि टाळ्या त्यालाच पडल्या.

मित्रहो, काटछाट केल्याशिवाय नाटक होत नाही. परंतु पात्र लहान आहे म्हणून गाळू नये. ते गेल्यावर कोणता प्रश्न निघून जातो, हे पाहून गाळावे.

करून पहा

१. आवडती कादंबरी घ्या. तिचा मुख्य प्रश्न एका वाक्यात लिहा.
२. त्या प्रश्नासाठी आवश्यक अशी तीनच पात्रे निवडा.
३. गाळलेल्या प्रत्येक पात्रासमोर लिहा : हे नसल्याने काय हरवले?

वह्या आमच्याकडे आणून द्या. येत्या संमेलनात हीच एकांकिका पुन्हा करू. या वेळी लिझावेता असेल, आणि त्या मुलीला पहिल्या रांगेत बसवू.