रात्रीच्या पाळीसाठी खिशातील बॅटरी : निवड, पारख आणि निगा

गव्हाचे पीक १८ ते २१ दिवसांचे झाले की मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेतील पाणी चुकवून चालत नाही. त्या आठवड्यात विजेची पाळी रात्रीची असेल तर रात्रीच दारे धरावे लागते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठण-गंगापूरचा ऊस असो, खुलताबाद-कन्नडची अद्रक असो किंवा वैजापूरचा कांदा असो, बागायतदाराला रात्रीचे शेत चुकलेले नाही. शेतीपंपांचा वीजपुरवठा वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, होत आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. त्यामुळे दिवसा वीज मिळणाऱ्या वाहिन्या वाढत आहेत. तरीही गाय अडली, रानडुकरे पिकात शिरली किंवा पहाटे जाधववाडीच्या बाजारात भाजीपाला न्यायचा असला की अंधारात बाहेर पडावेच लागते.

बियाणे, खत व औषध घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. बॅटरी मात्र आठवडी बाजारात, डोळ्यांत तिरीप मारून, जी जास्त झगमगते ती उचलतो. या लेखात खिशात मावणारी, साधी व टिकाऊ बॅटरी कशी निवडावी याची माहिती दिली आहे. एक सूत्र सुरुवातीलाच ध्यानात ठेवावे : सर्वात प्रखर बॅटरी ती चांगली नव्हे, ज्या रात्री गरज पडेल त्या रात्री पहिल्या दाबाला लागेल ती चांगली.

बॅटरी कशासाठी?

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने दगावले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. यातील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले असून जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. मण्यार रात्रीच फिरते. घोणस पाचोळ्यात वेटोळे करून पडून राहते आणि तिचा रंग मातीत मिसळून जातो. पाय पडण्यापूर्वी ती दिसणे हाच खरा बचाव होय. यासाठी प्रकाश पुढच्या दोन-तीन पावलांवर, जमिनीवर व सलग पडला पाहिजे.

मोबाईलची बॅटरी पुरणार नाही का?

घरापासून गोठ्यापर्यंत पुरेल. रात्रभराच्या पाण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. मोबाईलचा प्रकाश पसरट असतो, दूरवर पोहोचत नाही. ओल्या व चिखलाच्या हाताने तो लावता येत नाही. विहिरीत वाकून पाहताना हातातून निसटला तर प्रकाश आणि संपर्क दोन्ही एकदम जातात. अपघात झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यासाठी मोबाईलमध्ये चार्जिंग शिल्लक हवे. म्हणून मोबाईल बोलण्यासाठी व बॅटरी पाहण्यासाठी, अशी वाटणी करावी.

प्रकाश किती हवा?

प्रकाशाचे एकूण प्रमाण ‘ल्युमेन’मध्ये मोजतात. पूर्वीच्या दोन मोठ्या सेलच्या, काचेचा बल्ब असलेल्या बॅटरीचा प्रकाश सुमारे २० ल्युमेन असे आणि त्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी हयातभर दारे धरले. आता बल्बची जागा एलईडीने घेतली आहे. ती तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त प्रकाश देते आणि तिची तार तुटण्याचा प्रश्न नसतो. शेतातील कामासाठी ढोबळ मानाने पुढीलप्रमाणे प्रकाश पुरतो.

१) बांधावरून चालणे, वाफा पाहणे : २० ते ५० ल्युमेन.
२) शेताच्या दुसऱ्या टोकाला काय हलते ते पाहणे : १०० ते २०० ल्युमेन, तेही क्षणभर.

म्हणून मंद व प्रखर अशा दोनच पायऱ्या असलेली बॅटरी उत्तम. अतिप्रखर झोतानंतर डोळे दिपतात आणि अंधाराला पुन्हा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. तेवढा वेळ झोताबाहेरचे काहीच नीट दिसत नाही. शिवाय प्रखर प्रकाशाने सेल लवकर उतरतो व बॅटरी तापते.

खोक्यावरील आकडे कसे वाचावेत?

अंतर : प्रमाणित पद्धतीनुसार ‘१०० मीटर’ याचा अर्थ १०० मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो, एवढाच होतो. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. त्यामुळे छापलेल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत नीट दिसेल असे धरावे.

वेळ : त्याच पद्धतीत प्रकाश सुरुवातीच्या एकदशांशावर येईपर्यंतचा काळ मोजतात. ‘१० तास’ लिहिले असले तरी दहाही तास सारखा उजेड मिळेल असे नाही. तो कोणत्या पायरीवरचा काळ आहे हेही विचारावे.

पाणी : ‘आयपीएक्स-४’ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, ‘आयपीएक्स-७’ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे पडली तरी चालते. पाटाच्या व ठिबकच्या कामात किमान पहिले हवेच, दुसरे असल्यास उत्तम.

सेलची क्षमता : चार्जिंगच्या सेलवर क्षमता मिलिअँपिअर-तासात लिहिलेली असते. समजा सेल २,००० मिलिअँपिअर-तासांचा आहे आणि बॅटरी त्यातून २०० मिलिअँपिअर वीज घेते. २,००० भागिले २०० म्हणजे हिशेबाने १० तास. प्रत्यक्षात सात-आठ तास धरावेत. ‘१८६५०’ नावाचा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो. एवढ्या आकारात साडेतीन-चार हजारांपेक्षा जास्त क्षमता बसत नाही. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला दिसला तर तो माल घेऊ नये. चांगला सेल सुमारे ४५ ग्रॅम वजनाचा असतो; हातात फारच हलका लागला तर शंका घ्यावी. सेलवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह पाहावे.

कोणता सेल निवडावा?

१) पेन्सिल सेल : हे गावातील किराणा दुकानातही मिळतात. उतरला की बदलला, लगेच काम सुरू. नेहमीच्या वापरासाठी याच आकाराचे चार्जिंगचे सेल घेतल्यास खर्च वाचतो. ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ व्होल्टचे. बहुतेक एलईडी बॅटऱ्यांत दोन्ही चालतात, तरी माहितीपत्रक पाहावे. मात्र याच आकाराचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेलही मिळतो. तो पेन्सिल सेलच्या बॅटरीत घातल्यास एलईडी जळू शकते.

२) काढता येणारा लिथियम सेल : ताकद जास्त व वजन कमी. परंतु योग्य चार्जर हवा, बनावट मालाचा धोका लक्षात घ्यावा आणि किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटा सेल खिशात ठेवू नये. दोन टोके जोडली गेल्यास तो पेट घेऊ शकतो.

३) आत पक्की बसवलेली चार्जिंग बॅटरी : स्वस्त व सोयीची. पण मध्यरात्री उतरली तर बदली सेल घालता येत नाही आणि आतील सेल मेला की सारी वस्तू भंगारात जाते. यातील लेड-ॲसिड प्रकार हंगामभर चार्ज न करता ठेवल्यास खराब होतो. त्याला महिन्यातून एकदा चार्ज करावे.

खिशात ठेवण्यासाठी एका किंवा दोन पेन्सिल सेलवर चालणारी बॅटरी बहुतेक शेतकऱ्यांना सोयीची पडेल. सोबत बदली सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत.

दुकानात करावयाची पारख

गुलमंडी, पैठण गेट भागातील दुकान असो वा गावचा आठवडी बाजार, पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) बटण सलग वीस वेळा दाबावे. एकदाही चुकले तर ती बॅटरी बाजूला ठेवावी.
२) लावून हातात जोराने हलवावी. प्रकाश लुकलुकल्यास आतील स्प्रिंग किंवा जोड सैल आहे.
३) झाकणाचे आटे न अडकता फिरावेत व त्यांवर रबरी कडे असावे.
४) डोळे मिटून, ओल्या हाताने बटण सापडते का ते पाहावे.
५) खिशात आपोआप लागेल असे उथळ व सैल बटण नसावे.
६) लुकलुकण्याचे व निरनिराळ्या रंगांचे प्रकार नसावेत. घाईत नको तो प्रकार लागतो.
७) दोरी अडकवण्यास भोक आणि टोपीला किंवा खिशाला लावण्यास चाप असावा.
८) दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीवर झोत पाडून पाहावा. मध्ये उजळ व कडेला पसरट असा झोत चालण्यास चांगला.

स्टार्टरच्या पेटीजवळ विशेष काळजी

फ्यूज किंवा स्टार्टर पाहताना बॅटरी तोंडात अथवा हनुवटीखाली धरण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी. धातूच्या अंगाची बॅटरी उघड्या तारेला लागल्यास विजेचा धक्का बसतो. पेटीजवळ प्लॅस्टिकची बॅटरी वापरावी किंवा डोक्याला बांधायचा दिवा घ्यावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. हात व पाय कोरडे असल्याशिवाय आणि मुख्य स्विच बंद केल्याशिवाय पेटीत हात घालू नये. चांगला उजेड म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे.

निगा

१) जुना व नवा, किंवा दोन निराळ्या प्रकारचे सेल एकत्र घालू नयेत. दुबळा सेल आधी उतरून गळतो.
२) महिनाभर वापर नसल्यास सेल काढून ठेवावेत. गळलेल्या सेलची पूड उघड्या हाताने पुसू नये. कोरड्या फडक्याने काढून संपर्काची पट्टी बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासावी.
३) फवारणीच्या औषधाचा हात बॅटरीला लागल्यास ती पुसूनच खिशात ठेवावी.
४) रबरी कड्याला हंगामातून एकदा सिलिकॉनचे वंगण लावावे.
५) निकामी सेल शेतात, विहिरीत वा चुलीत टाकू नयेत. लिथियम सेल आगीत फुटतो. ते साठवून दुकानदाराकडे किंवा ई-कचरा संकलनात द्यावेत.
६) बॅटरीची जागा एकच ठरवावी व घरातील सर्वांना सांगावी. रात्री घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, घरातील महिला व सालगडी यांनाही, स्वतंत्र बॅटरी द्यावी.

बॅटरी असूनही दंश झाल्यास

गुडघ्यापर्यंतचे बूट व हातात काठी असल्याशिवाय रात्री रानात उतरू नये. तरीही सर्पदंश झालाच तर धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, अंगठ्या-कडी काढावीत व वेळ लक्षात ठेवावी. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. सापाच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर कळवून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे.

सारांश, बॅटरी ही चैनीची वस्तू नसून कोयत्या-खुरप्याप्रमाणे शेतीचे औजार आहे. तिची पारख दिवसा, दुकानात करावी. रात्री, बांधावर नव्हे. दर पाळीच्या आधी सूर्य मावळण्यापूर्वी ती एकदा लावून पाहावी, बदली सेल खिशात आहेत याची खात्री करावी आणि मगच पाण्याला निघावे. या दोन मिनिटांच्या तपासणीने रात्रीची पाळी निर्धोक होण्यास निश्चित मदत होईल.